आकाशातील फेर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण)



आजच्या भाषणासाठी विषय विचारायला चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा "विमानातून उड्या घेणाऱ्या बायका" असे मी म्हणताच त्यांनी हातातली वही मिटली. दुसऱ्या दिवशी मात्र त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या भाचीवरून आपल्या आळीत इतकं बोलणं चाललंय, तर एकदा सगळ्यांसमोर नीट सांगूनच टाका." तेव्हा आज नीट सांगण्याचा प्रयत्न करते. तिला कोणी धाडसी म्हणते, कोणी वेडी म्हणते. दोन्ही शब्द बोलायला सोपे आहेत. पण ती मुलगी वर जाऊन नेमके काय करते हे समजल्यावाचून दोन्ही बिनकामाचे आहेत.

माझी ही भाची अमेरिकेत नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी ती विमानातून उडी घेते. एकटी नव्हे, वीस-तीस जणींच्या बरोबर, आणि तीही खाली डोके वर पाय! तशा अवस्थेत जमिनीकडे झेपावता झेपावता या बायका एकमेकींचे हात धरून आकाशात फेर धरतात. तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. उडीच्या दिवशी तिकडून "उतरले" एवढा एक शब्द येईपर्यंत ती देवापुढून उठत नाही. गेल्या वर्षी माझे तिकडे जाणे ठरले, तेव्हा ती म्हणाली, "अक्का, तू शाळेत विज्ञान शिकवलंस. बघून ये, आणि मला धीर द्यायला म्हणून नको, खरं काय ते सांग." मी तीन दिवस त्या मैदानावर खुर्ची टाकून बसले होते. बहिणीला जे सांगितले, त्यातलेच बरेचसे आज तुम्हाला सांगणार आहे.

हवाई छत्री म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक येतो. त्याने उडी टाकली, छत्री उघडली आणि तो तरंगत खाली आला. या खेळात छत्री ही शेवटची पायरी आहे. खरा खेळ छत्री उघडण्यापूर्वीच्या मिनिटभरात होऊन जातो. विमान सुमारे १३ हजार फुटांवर, म्हणजे चार किलोमीटर उंचीवर जाते. बाहेर पडल्यावर पहिल्या दहा-बारा सेकंदांत माणसाचा वेग वाढत जातो आणि मग तो वाढायचा थांबतो, कारण खालून येणारी हवा तेवढ्याच जोराने अडवू लागते. पालथे पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरांवर स्थिरावतो. भाची सांगत होती की त्यानंतर पडल्यासारखे वाटतच नाही, वाऱ्याच्या गादीवर पालथे निजल्यासारखे वाटते.

हवेचा कायदा अगदी सरळ आहे. तिला जितके अंग दाखवाल तितकी ती अडवते. हात-पाय पसरून अंग चपटे केले की वेग कमी होतो. पोट पुढे काढून हात-पाय मागे वळविले, म्हणजे धनुष्यासारखा बाक दिला, की वेग वाढतो. पाय ताणले की माणूस पुढे सरकतो. हात जरा तिरका झाला की अंग वळू लागते. लहान चणीची बाई हळू पडते, धिप्पाड पुरुष भरभर पडतो, आणि दोघांना एका पातळीवर राहायचे तर काही तडजोड हवी. म्हणून धिप्पाड माणूस वारा भरणारा सैल पोशाख घालतो आणि किरकोळ बाई शिशाची वजने बांधून जाते. वजन वाढवून मिरवायची सोय असलेले बायकांचे एवढे एकच ठिकाण माझ्या पाहण्यात आले!

आता फेर कसा धरतात ते पाहा. सगळ्या जणी एका क्षणी विमानाबाहेर पडू शकत नाहीत. काही जणी आधी पडतात आणि मधला गाभा धरतात. बाकीच्या मागून सूर मारून त्यांच्यापर्यंत येतात. एका सेकंदाचा उशीर म्हणजे पन्नासएक मीटरांचे अंतर, हे लक्षात घ्या. मागून येणारीला हे अंतर कापण्यासाठी वेगाने यावे लागते आणि वेळेवर तो वेग मोडावाही लागतो. न पोचणे हा दोष आहेच, पण जोरात येऊन आदळणे हा त्याहून मोठा दोष मानतात. एकीचा धक्का साऱ्या फेरातून लाटेसारखा जातो आणि दुसऱ्या टोकाच्या, काही न केलेल्या बाईचा हात सुटतो.

म्हणून रीत अशी आहे: आपली जागा जिथे आहे त्या दिशेनेच यायचे, फेराच्या बाहेर थोडे थांबून त्यांच्या पातळीवर उतरायचे, आणि मग आडवे सरकत जायचे. कुणाच्याही डोक्यावरून यायचे नाही. खाली कोसळणाऱ्या अंगाच्या वरच्या बाजूला हवा विस्कटलेली असते, तिच्यात आधार नसतो. त्या पोकळीत जी शिरते ती दगडासारखी खालच्या बाईच्या पाठीवर पडते. आणखी एक नियम मला फार आवडला. धरायच्या हाताकडे पाहायचे नाही. फेराच्या मध्यातून पलीकडच्या चेहऱ्यांकडे पाहायचे. हाताकडे पाहिले की मान वळते, मानेबरोबर खांदा वळतो, आणि माणूस जागेवरून हलतो.

इथे कुणाला मंगळागौरीची फुगडी आठवेल. मलाही आठवली, पण ती उपमा थोडी फसवी आहे. फुगडीत आपण जमिनीला पाय टेकवून मागे झुकतो, आपला तोल समोरचीच्या हातावर सोडतो, आणि दोघींच्या ओढीवर फुगडी फिरते. गोविंदांच्या थरात तर वरच्याचा सारा भार खालच्याच्या खांद्यावर. आकाशात पाय टेकायला काही नाही आणि भार घ्यायलाही कुणी नाही. तिथे ओढले की दोघीही जातात. हात न धरताही आपण त्या जागी स्थिर राहू शकतो, इतकी तयारी झाली म्हणजेच हात धरायचा. पकड आधारासाठी नसते. मी माझ्या जागी पोचले, याची ती खूण असते.

हे सारे पालथ्या उडीचे झाले. १९९० च्या सुमारास काही जणांना वाटले की पालथेच का पडावे? ओलाफ झिप्सर या जर्मन उडीबहाद्दराचे नाव यात अग्रभागी घेतात. खुर्चीवर बसल्यासारखे, उभ्याने, शीर्षासनात, असे सर्व दिशांनी हवेत राहायला त्यांनी सुरुवात केली आणि त्यातून 'फ्रीफ्लाय' हा प्रकार निघाला. यात अंग उभे असल्यामुळे हवेला फार थोडे दिसते. शीर्षासनातला वेग ताशी २५० ते २९० किलोमीटरांवर जातो आणि छत्री उघडण्यापूर्वीचे मिनिट आकसून पाऊणएक मिनिटाचे होते. मनगटावरचे उंचीचे घड्याळ पाहायला सवड नसते, म्हणून शिरस्त्राणात कानाशी दुसरे यंत्र असते. ठरल्या उंचीला ते किंचाळते.

या प्रकारातला खरा धोका बहिणीला समजावून सांगायला मला वेळ लागला, म्हणून इथेही जरा थांबते. समजा, वीस जणी शीर्षासनात ताशी २७० किलोमीटरांनी चालल्या आहेत आणि त्यांतल्या एकीचा तोल गेला. माणसाची स्वाभाविक धाव अशी की अंग पसरून पालथे व्हावे. पण ती पालथी झाली की तिचा वेग एकदम १९० वर येतो. बाकीच्या तशाच खाली जात राहतात. त्यांना ती दिसते कशी? पाण्यात दाबून धरलेले बूच सुटून उसळावे तशी वर येताना! दोघींच्या वेगातला फरक ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. सात मजल्यांची उंची एका सेकंदात. तिच्या वरच्या बाजूला कोणी असेल तर रस्त्यावरच्या मोटारीच्या टकरीत आणि या टकरीत फरक नाही. म्हणून या मुलींना पहिल्याने शिकवितात ते फेर धरणे नव्हे. तोल गेला तरी वेग सोडायचा नाही, बसल्या स्थितीत यायचे, अंग लहान ठेवायचे आणि इतरांपासून दूर झाल्यावरच मंद व्हायचे, हे शिकवितात. घाबरल्यावर जे करावेसे वाटते तेच करायचे नाही! हे अंगात मुरायला उभ्या वाऱ्याच्या बोगद्यात तासन्‌तास काढावे लागतात. त्या काचेच्या नळीत खालून प्रचंड वारा सोडतात आणि विमानाशिवायच माणूस हवेत तरंगत राहतो.

फेर धरण्याइतकेच तो मोडणेही अवघड आहे. ठरल्या उंचीला बाहेरचे कडे आधी सुटते आणि पाठ फिरवून दूर निघून जाते, मग त्याच्या आतले, शेवटी गाभा. कुणाचीही छत्री उघडताना तिच्या आसपास आणि वर आकाश मोकळे पाहिजे. भाचीच्या गटात मी पाहिले, वर पाऊण मिनिट टिकणाऱ्या उडीसाठी त्या दीड तास जमिनीवर राबत होत्या. मैदानावर प्रत्यक्ष पावले टाकून फेर धरायचा, मोडायचा, पुन्हा धरायचा. मग विमानात चढण्यापूर्वी प्रत्येक जण पुढचीच्या पाठीवरच्या पिशवीचे पट्टे, खिळ्या, झाकणे चाचपून पाहते. लग्नघरात आपण एकमेकींचा पदर सारखा करतो ना, तसे. शीर्षासनाच्या वेगात पिशवी चुकून उघडली तर त्या हिसक्याने माणूस जबर जखमी होऊ शकतो, म्हणून ही चाचपणी.

पाठीवर छत्र्या दोन असतात. मोठीची घडी बहुतेक जणी स्वतः घालतात. राखीव छत्रीची घडी परवानाधारक कारागीरच घालतो, आणि ती वापरली नसली तरी अमेरिकेत दर १८० दिवसांनी उलगडून पुन्हा घालावी लागते. शिवाय १९९१ साली 'सायप्रस' नावाचे एक छोटे जर्मन यंत्र निघाले. जमीन सुमारे ७५० फुटांवर आली तरी माणूस वेगाने पडतोच आहे असे त्याला आढळले, तर राखीव छत्री ते आपणच सोडते. बेशुद्ध पडलेल्या कित्येकांचे प्राण त्याने वाचविले आहेत.

हा पुरुषांचा खेळ आणि बायका त्यात मागून शिरल्या, असे कुणाला वाटत असेल तर तेही खरे नाही. जर्मनीतली केट पाउलुस ही शिवणकाम करणारी बाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती फुग्यातून छत्री घेऊन उड्या टाकीत असे. छत्री घडी करून पिशवीत बसविण्याची तिची रीत होती आणि पहिल्या महायुद्धात तिने सैन्यासाठी सुमारे सात हजार छत्र्या तयार केल्या. अमेरिकेत जॉर्जिया ब्रॉडविक ही कापडगिरणीत राबणारी मुलगी, लहान वयातच आई झालेली. चण इतकी लहान की लोक तिला 'टायनी' म्हणत. १९०८ साली, पंधराव्या वर्षी, तिने फुग्यातून पहिली उडी घेतली. १९१४ साली सैन्याला प्रात्यक्षिक दाखविताना विमानाला बांधलेली दोरी तिने कापून टाकली आणि थोडे खाली आल्यावर छत्री आपल्या हाताने उघडली. आज हजारो लोक जे करतात त्याची ही सुरुवात. आणि १९६३ साली अंतराळात गेलेली पहिली स्त्री व्हॅलेंतिना तेरेश्कोवा हीसुद्धा रशियातल्या कापडगिरणीत कामाला होती. हौशी छत्रीधारकांच्या मंडळात ती उड्या शिकली होती, म्हणून तर तिची निवड झाली. तिघीही सुता-कापडातल्या! योगायोग असेल, पण मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडे रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचेल थॉमस यांनी १९७९ साली आग्र्याला उडी घेतली आणि २००२ साली त्या उत्तर ध्रुवावर उतरल्या. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर उडी घेतली. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमधल्या पटायाला त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली, ते छायाचित्र तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिले असेल. मला त्यात कौतुक वाटले ते नेसण्याचे. एवढ्या वाऱ्यात एक काठ सुटून छत्रीच्या मुठीवर आला असता तर? निऱ्या आणि पदर जागच्या जागी राहिले, हे धैर्याइतकेच हिशेबाचे काम आहे.

मोठ्या फेरांचे आकडे थोडक्यात सांगते. सर्वांत गाजलेला फेर ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमध्ये उडोन थानी येथे झाला. ४०० माणसे पालथ्या स्थितीत सव्वाचार सेकंद एकमेकांना धरून होती. तिथल्या हवाई दलाच्या विमानांतून ती उतरली, आणि इतक्या उंचीवर श्वास अपुरा पडतो म्हणून विमानात प्राणवायू घ्यावा लागला. २६ सप्टेंबर २००९ रोजी कॅलिफोर्नियातील पेरिस येथे ३१ देशांच्या १८१ बायकांनी फेर धरला. निमित्त होते स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमविण्याचे. शीर्षासनातला १६४ जणांचा फेर २०१५ साली इलिनॉय राज्यात झाला, तर केवळ बायकांचा, ८० जणींचा, २०२२ साली आरिझोनातील एलॉय येथे. या शेवटच्याची कथा अशी की अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराच्या शताब्दीनिमित्त २०२० साली १०० जणींचा फेर धरायचा संकल्प होता. साथीमुळे तो दोन वर्षे लांबला, आणि विक्रम झाला तो ८० जणींचा.

अशा विक्रमाची परीक्षा कडक असते. कोणी कुठे असायचे आणि कोणाचा कुठला हात धरायचा, हा आराखडा आधी पंचांना द्यावा लागतो. मग छायाचित्रांवरून एकेक पकड तपासतात. एक जरी पकड चुकली, तरी बाकी सर्वांची उडी नोंदली जात नाही. म्हणून दोन-तीनदा जागेवर न पोचलेल्या व्यक्तीला गटप्रमुख बाजूला बसवितात आणि राखीव रांगेतली दुसरी पाठवितात. यात राग-लोभ नसतो, असे तिथे सगळे म्हणतात. तो असतो, फक्त कोणी बोलून दाखवीत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता धोक्याचे. बहिणीचा प्रश्न तोच होता. अमेरिकेत २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसे दगावली. पन्नास वर्षांपूर्वी उड्या कितीतरी कमी असून मृत्यू याहून पुष्कळ जास्त होत. आजच्या मृत्यूंत बरेचसे छत्री व्यवस्थित उघडल्यानंतर, उतरताना वळण चुकून होतात. पण मोठ्या फेराची जोखीम साध्या उडीपेक्षा अधिक आहे, हे मी बहिणीपासून लपविले नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये एलॉयलाच दोनशेहून अधिक जणांच्या फेराच्या प्रयत्नात एक जर्मन महिला मृत्यू पावली. ती नवखी नव्हती. लाखात किती हा हिशेब सरकारी कागदाला पुरतो. आईला लाख मुली नसतात.

तिसऱ्या दिवशी भाचीला बसविले. त्या दिवशीच्या दोन्ही उड्यांत ती आपल्या जागेच्या हातभर अलीकडे राहिली होती. संध्याकाळी आम्ही दोघी मोटारीला टेकून उभ्या होतो. मी विचारले, "हातभरच तर होतं गं. हात लांबवला असतास तर?"

"लागला असता, मावशी."

"मग?"

"हात लांबवला की खांदा कलतो. खांदा कलला की मी सरकणार. आणि माझ्या मागून दुसरी येत असते, मी जिथे असायला हवी तिथे मी आहे असं धरून."

दुसऱ्या दिवशीही ती बाकावरच होती. दिवसभर दुसऱ्यांच्या छत्र्या घडी करू लागली, पाणी देत राहिली, आणि रात्री, मी झोपले असे समजून, बराच वेळ रडली. हे मी बहिणीला फोनवर सांगितले. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "हात लांबवला नाही ना तिने? बरं." अजूनही उडीच्या दिवशी ती देवापुढेच बसते. हल्ली विचारते मात्र वेगळे: "फेरात घेतलं का गं तुला?"

भाचीने त्या दुसऱ्या उडीची चित्रफीत मुद्दाम पाठविली आहे. आता दिवे मालवायला सांगते. फीत एका मिनिटाहूनही लहान आहे, म्हणून दोनदा दाखवू. पहिल्या वेळी सगळा फेर पाहा. दुसऱ्या वेळी मधला घोळका सोडून द्या आणि डाव्या बाजूला, बाहेरच्या कड्यात, पिवळ्या बाह्यांची जी मुलगी आहे तिच्याकडे पाहा. तिच्या उजव्या हाताकडे लक्ष ठेवा.